उणे ब्याण्णव

लोकांच्या घरी जाऊन इंटरनेट दुरुस्त करणाऱ्या माणसाचं जगाबद्दल फारसं चांगलं मत राहत नाही, हे खरंच आहे. पण फुंक्याचं मत हा धंदा धरायच्या आधीपासूनच वाईट होतं. धंद्याने त्याला रोजच्या रोज ताजे पुरावे पुरवले, इतकंच.

फुंक्या हे काही त्याचं नाव नव्हे. कंपनीतल्या लोकांनी ते मागून ठेवलं होतं आणि एकदा तोंडावर म्हटलं गेल्यावर ते तसंच राहिलं. कोणी काही विचारलं की उत्तर द्यायच्या आधी तो नाकातून थोडीशी हवा सोडायचा, "फुं." एवढ्याशा आवाजात विचारणाऱ्याची अक्कल, त्याचं घराणं आणि त्याचा प्रश्न, तिन्हींचाही निकाल लागायचा. शिवी दिली तर माणूस उलटून भांडू तरी शकतो. फुं केल्यावर काय करणार?

ग्राहक ही जमातच त्याच्या मते देवाने घाईघाईत उरकलेली होती. एकाने वायफायचा डबा चोरीला जाऊ नये म्हणून लोखंडी कपाटात कुलूप लावून ठेवला होता आणि बेडरूममध्ये नेट का येत नाही म्हणून तक्रार करत होता. एका बाईने डब्याचे दिवे डोळ्यांत खुपतात म्हणून त्याला भरतकामाचा झगा शिवला होता. एक प्राध्यापक तर डबा माशांच्या पेटीमागे ठेवून विचारत होते, मासे इंटरनेट खातात का.

"मासे नाही, पाणी खातं," फुंक्या म्हणाला होता, अर्थात आधी फुं करून.

ते मात्र खरं होतं. त्याला आपलं काम येत होतं, हे त्याच्या शत्रूंनाही कबूल करावं लागायचं, आणि शत्रूंना तोटा नव्हता. वायफायच्या लहरींना भिंत परवडते, पाणी परवडत नाही. आणि माणूस म्हणजे तरी काय, दोन पायांवर चालणारी पाण्याची पिशवी. डबा आणि मोबाइल यांच्या मध्ये नुसता माणूस उभा राहिला तरी सिग्नल पडतो. नवे शिकाऊ लोक मोबाइल छातीशी धरून डब्याकडे पाठ करतात, आपल्याच अंगाची आडकाठी मोजतात आणि घरात दोष आहे म्हणून लिहून येतात. म्हणून जुना माणूस प्रत्येक जागी चारही दिशांना वळून माप घेतो. मोबाइलवर आकडा येतो, तो नेहमी उणे असतो. उणे चाळीस म्हणजे उत्तम, उणे सत्तर म्हणजे कुरकुर, उणे नव्वदच्या पुढे संपलंच. जिथे असा आकडा पडतो त्या जागेला ही मंडळी खड्डा म्हणतात.

ज्या दिवसाची ही गोष्ट आहे, त्या दिवशी सकाळी फुंक्या नेहमीप्रमाणे आतल्या खोलीच्या दारात चहाचा कप घेऊन उभा होता. बसून चहा प्यायची त्याला सवय नव्हती. दारात उभं राहिलं की दोन्ही खोल्यांवर एकदम नजर राहते आणि दोन्हीकडचं काय काय चुकतंय ते दिसतं.

"अहो, आज साडेतीनला माझी मुलाखत आहे," बायको म्हणाली. ती कपाटातून इस्त्रीचा कुर्ता काढत होती. "शाळेच्या ग्रंथालयातली जागा. व्हिडिओवर घेणार आहेत. इथं नेट थांबतं. सहा महिने सांगतेय, तेवढं बघा ना."

"फुं. नोकरी करून काय दिवे लावणार आहेस?"

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. रागावून पाहिलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. ती कुर्ता हातावर घेऊन पुढे आली आणि म्हणाली, "जरा बाजूला व्हा."

तो कप संपेपर्यंत काही बाजूला झाला नाही. गावभर सिग्नल वाटत फिरणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरातला डबा फ्रिजच्या मागे धूळ खात पडला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. त्याला ते ठाऊक होतं, आणि बायकोने सांगितलं म्हणूनच तो हलवायचा राहिला होता.

दुपारची तक्रार एका जुन्या इमारतीतली होती, दुसऱ्या मजल्यावरची. एकाच घरातून तिसऱ्यांदा. आधी दोघे जाऊन आले होते. त्यातल्या दुसऱ्याने कागदावर 'दोष सापडला नाही' असं लिहिलं आणि पुन्हा तिथे जायला चक्क नकार दिला. कपडे बदलायच्या खोलीत तो फुंक्याला हळूच म्हणाला, "त्या घरातला खड्डा एका जागी राहत नाही रे."

"खड्ड्याला पाय फुटले," फुंक्या म्हणाला, "आता तुला शिंगं फुटायची बाकी आहेत."

सव्वादोनला त्याने त्या घराची बेल वाजवली. दार उघडायला वेळ लागला. आतून वॉकरची टकटक संथपणे जवळ आली. पंचाहत्तरीच्या आसपासची, ताठ मानेची एक बाई दारात उभी होती.

"काय आजी, नेट कुठं पळालं?"

"आजी नको. बाई म्हणा. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तेहतीस वर्षं सगळे बाईच म्हणत होते." एवढं बोलून ती वळली. "चपला तिथेच काढा."

घर बघून फुंक्याचा विरस झाला. कुठेतरी ढोबळ मूर्खपणा सापडेल आणि पाच मिनिटांत बाईचा पाणउतारा करून निघता येईल, अशी त्याची अटकळ होती. पण डबा हॉलमध्ये होता, उंचावर, मोकळ्या फळीवर, जिथे असायला हवा तिथेच. हॉलमधून एक लांब अरुंद बोळ निघत होता आणि त्याच्या टोकाला बाईची खोली होती. खिडकीजवळ खुर्ची, तिच्यापुढे टेबल, टेबलावर एक वही. घरात फक्त एका गोष्टीने त्याचं नाक चाळवलं. दाढीच्या साबणाचा वास येत होता, आत्ताच कोणीतरी गाल घासून गेल्यासारखा.

"घरात आणखी कोण आहे?"

"मी एकटी. नऊ वर्षं झाली."

वहीत तारखा होत्या. ऑपरेटरच्या बारीक सरळ अक्षरात, एकाखाली एक. लाइन बंद तीन चौतीस, लाइन चालू तीन एकोणपन्नास. लाइन बंद तीन तेहतीस, लाइन चालू तीन पन्नास. चाळीस दिवसांचा हिशोब होता आणि एकाही दिवशी चूक नव्हती.

"म्हणजे रोज एकाच वेळेला जातं," बाई म्हणाली.

"फुं. शेजारी त्या वेळेला सिनेमे बघत असतील."

त्या आवाजाबरोबर बाईचा वॉकरवरचा हात थांबला. तिने फुंक्याकडे नाही, त्याच्या मागे, दाराकडे पाहिलं.

"तो आवाज करू नका."

"कुठला?"

"नाकातला. ह्यांची सवय होती ती."

हे म्हणजे तिचे गेलेले यजमान, हे फुंक्याला कळलं. त्याला त्यात काडीचा रस नव्हता. त्याने चौकटीचा कागद काढला, घराचा नकाशा रेखाटला आणि पावला-पावलावर थांबून, चारी दिशांना वळत आकडे भरायला लागला. हॉल उणे चाळीस. बोळ उणे अठ्ठेचाळीस. खोलीचं दार उणे पन्नास. खुर्ची उणे बावन्न. दोष औषधाला नव्हता. आजूबाजूच्या अकरा घरांचे डबे एकाच चॅनेलवर दाटीवाटीने बसले होते, तेवढा बाईचा डबा त्याने मोकळ्या चॅनेलवर नेला. वेग मोजला, तिप्पट झाला होता.

"झालं. सही करा."

"साडेतीनपर्यंत थांबा."

"मला आणखी चार घरं आहेत, बाई."

"आधीचा पहिला तीनलाच गेला, दुसरा पावणेचारला मधेच पळाला," बाई शांतपणे म्हणाली. "तुम्ही आपलं नाव मोठं केलेलं दिसतंय. मग थांबून दाखवा."

ही मात्रा लागू पडली. त्याला नावं ठेवलेली चालायची, पण त्या दोघांच्या पंगतीला बसवलेलं चालत नव्हतं. तो स्टुलावर बसला आणि उगीच टोचायचं म्हणून म्हणाला, "रोज साडेतीनला कोणाशी एवढं महत्त्वाचं बोलायचं असतं?"

बाईने ते सांगितलं. एक्स्चेंजमध्ये माहिती सांगावी तसं, मोजक्या शब्दांत सांगितलं. तिची धाकटी बहीण, बेबी, दूरच्या शहरात वृद्धांच्या रुग्णालयात होती. तिची स्मृती जात चालली होती. दुपारी साडेतीनला औषध लागलं की पंधरा-वीस मिनिटं डोकं साफ राहायचं, तेव्हा परिचारिका तिच्यापुढे मोबाइल धरायची. रोज बेबी एकच प्रश्न विचारायची. ताई, आई गेली तेव्हा तू आली का नाहीस? आणि रोज बाई उत्तर द्यायला तोंड उघडायची, तोच लाइन जायची.

"परिचारिकेकडे निरोप द्यायचा."

"दिला. दुसऱ्याच्या तोंडचं ती मानत नाही. माझा चेहरा दिसला तर ओळखते. गल्लीत मोबाइलला रेंज नाही, आणि कमरेच्या ऑपरेशननंतर मला जिना उतरवत नाही." बाईने वही सरळ केली. "गेल्या आठवड्यात दोन दिवस तिने प्रश्न अर्धाच विचारला. पुढचा विसरली. तिला प्रश्न आठवतोय तोवरच मला उत्तर देता येईल. नंतर ते कोणाला देऊ?"

फुंक्याला यावर काहीतरी लागट सुचलं होतं. ते त्याने गिळलं. त्याच्या आयुष्यात असं फार वेळा झालेलं नव्हतं.

साडेतीनला बाईच्या मोबाइलवर कॉल लागला. चित्र स्वच्छ होतं, उशीवरचा सुरकुतलेला चेहरा आणि मागे हिरवा पडदा. फुंक्या बोळात उभा राहून आपल्या मोबाइलवर आकडा बघत होता. उणे सत्तेचाळीस. त्याने मनातल्या मनात आधीच्या दोघांना एक फुं वाहिलं.

"ताई," पलीकडून आवाज आला, "आई गेली तेव्हा तू... तू आली का नाहीस गं?"

"बेबी, ऐक. मी निघाले होते. बॅग भरली होती. दारापर्यंत आले आणि..."

आवाज तुटला. पडद्यावर बेबीचा चेहरा तोंड अर्धं उघडं ठेवून गोठला. तीन वाजून चौतीस मिनिटं झाली होती.

फुंक्या बोळातून आत निघाला. उणे एकोणपन्नास. उणे पन्नास. दारात पाऊल टाकलं आणि आकडा कोसळला, उणे ब्याण्णव. तो दोन पावलं मागे आला. उणे पन्नास. पुढे गेला. उणे ब्याण्णव. त्याने मोबाइल डोक्यावर उंच धरला, आकडा ठीक झाला. छातीशी आणला, पडला. घोट्याशी नेला, तिथेही पडलेलाच. चौकटीच्या उजव्या कडेला ठीक, डाव्या बाजूला खड्डा. सवयीने तो कागदावर मापं टिपत गेला. रुंदी एक हात. उंची साडेतीन हात.

लिहून झाल्यावर त्याने ते पुन्हा वाचलं आणि त्याच्या मानेवरचे केस उभे राहिले. साडेतीन हात लांबीचं जगात काय असतं, ते सांगायला इंजिनियर लागत नाही.

"दारात ना?" खुर्चीतून बाई म्हणाली. तिचा आवाज खाली गेला होता. "डाव्या चौकटीला... जरासं टेकून?"

फुंक्याने मान हलवली. दाढीच्या साबणाचा वास आता इतका जवळून येत होता की गालाला ओल लागेल असं वाटावं. दारात काहीही नव्हतं. पलीकडची भिंत, तिच्यावरचं कॅलेंडर, सगळं लख्ख दिसत होतं. दुपारचं ऊन खिडकीतून थेट चौकटीवर पडलं होतं. फक्त त्या उन्हातली धूळ चौकटीच्या डाव्या बाजूला हलत नव्हती.

"हात उगारला नाही कधी," बाई म्हणाली. "ओरडलेसुद्धा नाहीत. मी बॅग घेऊन आले तर नुसते इथे उभे राहिले. म्हणाले, जाऊन काय दिवे लावणार आहेस? आणि नाकातून तो आवाज केला. मी म्हटलं, जरा बाजूला व्हा. झाले नाहीत. गाडी निघून गेली तरी झाले नाहीत."

सकाळचा चहाचा कप फुंक्याला का आठवला, ते त्याने स्वतःला विचारलं नाही.

तो कामाला लागला. भीती वाटली की हाताला काम द्यावं, हे त्याला तेवढं समजत होतं. बॅगेतून त्याने सिग्नल पुढे ढकलणारा दुसरा डबा काढला आणि थेट बाईच्या टेबलावर लावला. डबा आणि मोबाइल यांच्यात वीतभर अंतर. मोबाइलवर तरीही उणे ब्याण्णव. टेबलावरचं वहीचं पान आपोआप किंचित दबलं, जसं त्यावर कोणी पालथा हात ठेवावा. बाईने खुर्ची मागे सरकवली नाही. ती तशीच बसून राहिली, पण तिचे ओठ पांढरे झाले.

"तीन एकोणचाळीस," ती म्हणाली. "दहा मिनिटं आहेत. तुमच्याकडे वायर नाही का?"

"वायर?"

"तार हो. आमच्या वेळी तारेवर बोलायचे लोक. तारेच्या मधे कसं कोण उभं राहील?"

वायर मागणाऱ्या ग्राहकांना फुंक्या आजवर पाषाणयुगातली माणसं म्हणत आला होता. आज त्याने निमूटपणे बॅगेच्या तळातून वायरचं वेटोळं काढलं. हॉलमधल्या डब्यात एक टोक खोचलं. बोळभर वायर सोडत, ओणव्याने, मागे मागे सरकत तो दारापाशी आला. आणि तिथे थांबला. वायर आत न्यायची तर उंबरठ्यावरून न्यावी लागणार होती, आणि उंबरठ्यावर... त्याला वर बघायचा धीर झाला नाही. ओणवं असल्यामुळे त्याचं डोकं कोणाच्या तरी गुडघ्याइतक्या उंचीवर होतं. त्या बाजूचा कान गार पडला होता.

"जरा..." मान खाली घालूनच तो म्हणाला. "जरा बाजूला व्हा."

कोणी झालं नाही. त्याने डोळे मिटले आणि वायर धरलेला हात त्या गारव्यातून पुढे सरकवला. पहाटे नळाखाली हात धरावा तसं कोपरापर्यंत झालं. मग हात पलीकडे निघाला. त्याने आपला लॅपटॉप बाईपुढे ठेवला, टोक खोचलं, खट् असा बारीक आवाज झाला. त्याच्यावरूनच त्याने परिचारिकेला पुन्हा कॉल लावला. तीन चव्वेचाळीस.

पडद्यावर हिरवा पडदा हलला. "ताई," बेबी म्हणाली, जणू आजच्या दिवसात पहिल्यांदाच विचारत होती, "आई गेली तेव्हा तू आली का नाहीस?"

बाईने सांगितलं. बॅग, दार, गाडीची वेळ, सगळं. मध्ये एकदाही अडखळली नाही. लाइन गेली नाही.

"म्हणजे तू निघाली होतीस," बेबी म्हणाली.

"निघाले होते गं."

"मला वाटलं, तुला आमची गरज उरली नाही." मग ती लहान मुलीसारखी हसली. "जेवलीस का?"

बाईने पदर डोळ्यांना लावला आणि जेवले म्हणाली. फुंक्या तिथे थांबला नाही. लोकांच्या रडण्याची त्याला लाज वाटायची. तो बोळात आला आणि त्याने मोबाइल काढला. दारात उणे पन्नास. खड्डा गेला होता. त्याने सुटकेचा श्वास टाकला, नकाशावर दारापाशी पन्नास लिहिलं आणि जिथे उभा होता तिथला आकडा बघितला.

उणे ब्याण्णव.

शिकाऊ लोकांची चूक, त्याने स्वतःला बजावलं. डब्याकडे पाठ आहे. तो डब्याकडे तोंड करून उभा राहिला. उणे ब्याण्णव. डावीकडे वळला, उजवीकडे वळला. चारी दिशांना उणे ब्याण्णव. पुढे कोणी उभं असेल तर मागे वळल्यावर आकडा सुधारतो. डावीकडे असेल तर उजवीकडे सुधारतो. चारी बाजूंना खड्डा असायला एकच जागा उरते. फुंक्या त्या जागेवर उभा होता, आणि ती जागा त्याच्या अंगाला बरोबर बसत होती.

तेवढ्यात आवाज आला. "फुं."

त्याने घाईने तोंडावर हात दाबला. नाक, तोंड, दोन्ही तळहाताखाली होती.

चार वाजता बाईने कागदावर सही केली. तिचा चेहरा दहा वर्षांनी लहान दिसत होता. वहीत तिने लिहिलं, लाइन लागली तीन चव्वेचाळीस, बोलणं पूर्ण. मग तिने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"मघाशी बोळात तो आवाज तुम्हीच केलात ना?"

"हो," फुंक्या म्हणाला. "मीच." त्या घरात तेवढं एकच खोटं तो बोलला. घरात आता दाढीच्या साबणाचा वास अजिबात येत नव्हता.

उरलेली चार घरं त्याने टाळली आणि पायीच घरी निघाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला बायकोचं एक काम करावंसं वाटत होतं. तिची मुलाखत होऊन गेली, हे त्याला रस्त्यात आठवलं.

ती आतल्या खोलीत, खुर्चीवर, इस्त्रीचा कुर्ता न बदलता बसली होती.

"कशी झाली?"

"बघितलंत की तुम्ही."

"मी कसा बघणार?"

"पावणेचारला आलात की. चांगलं चाललं होतं, दोन प्रश्न झाले होते. तुम्ही दारात येऊन उभे राहिलात आणि तिकडे चित्र थांबलं. मी म्हटलं, अहो, जरा बाजूला व्हा, नेट अडतंय. झालात का? नाकातून फुं केलंत नि उभे राहिलात. त्यांनी कंटाळून कॉल तोडला, मग गेलात." ती अजिबात ओरडत नव्हती. "मला हवी होती हो ती नोकरी."

"मी तेव्हा एका बाईंच्या घरी होतो. सव्वादोनपासून चारपर्यंत. शपथ."

"असू दे." तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "तुम्ही काय नवीन केलंत? रोजच उभे असता."

फुंक्याकडे फुं करायला जागा नव्हती. त्याने आपला मोबाइल उघडून तिच्या हातात दिला, आकडा कुठे दिसतो ते दाखवलं. "तू इथेच बस. मी डबा फ्रिजमागून काढून वर लावतो. त्यांना आजच फोन करू, पुन्हा घ्या म्हणू. तू फक्त आकडा सांगत राहा."

एवढं तो सहा महिन्यांत बोलला नव्हता. ती नाइलाजाने का होईना, मोबाइल धरून बसली. तो स्वयंपाकघरात गेला. फ्रिज ओढून त्याने मागे हात घातला. जाळ्या, धूळ आणि त्यात लुकलुकणारा डबा. त्याने तो पुसला आणि फ्रिजवर ठेवला.

"आता?"

"उणे सत्तर," आतून आवाज आला.

त्याने डबा फळीवर चढवला. "आता?"

"अठ्ठावन्न. सुधारतंय."

त्याला खरंच बरं वाटलं. त्याने स्टूल ओढलं, वर चढला आणि भिंतीवरच्या सर्वांत उंच खिळ्याला डबा अडकवला. दोन्ही हात वर, पाठ दाराकडे. "आणि आता?"

"एकोणपन्नास," बायको म्हणाली. त्याने डबा खिळ्यावर घट्ट दाबून सरळ केला. स्वयंपाकघरात कुठूनतरी दाढीच्या साबणाचा वास आला.

"किती?" फुंक्याने विचारलं. "अगं, किती?"

"ब्याण्णव," ती आतून म्हणाली, थकलेल्या, रोजच्याच आवाजात. "अहो, पुन्हा दारात काय आलात? जरा बाजूला व्हा ना."

फुंक्या स्टुलावर होता, आणि त्याचे दोन्ही हात अजून खिळ्यावर होते.